घरच्यांसाठीची खुर्ची

दिवाळी नुकतीच संपली होती. अंधेरीच्या आमच्या ऑफिसच्या दारावरचं तोरण सुकून गेलं होतं आणि ते काढायचं कोणी, यावर दोघांचा वाद चालला होता. मी डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. नाव दिसलं, नलिनीकाकू. मी तोंडात घास ठेवूनच फोन उचलला आणि दरवर्षीप्रमाणे त्यांनी विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकलं, “नंबर तोच, पत्ता तोच, बायकोपण तीच!” यावर त्यांचंही ठरलेलं उत्तर असायचं, “मेल्या, तोच नवरा हवाय का, ते तिला विचारून सांग.” या वेळी पलीकडून फक्त एक लांब श्वास... “दादा, मी मेघा बोलतेय. आई गेली. सकाळी चहा ठेवायला उठली नाही म्हणून बघायला गेले...”

मी “बरं” म्हणालो. येतो म्हणालो. फोन ठेवला आणि डबा संपवला. भेंडीची भाजी होती. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने काय झालं विचारलं, तर मी म्हटलं, काही नाही, बोरिवलीला जायचंय. त्याला इतक्या वर्षांत काकूंबद्दल कितीतरी सांगितलं होतं, पण त्या क्षणी त्यांचं माझं नातं काय, हे एका शब्दात सांगता आलं नसतं. त्या माझ्या कोणी नव्हत्या. या शहरात मी ज्यांना सांगितल्याशिवाय नोकरी बदलली नाही, लग्न ठरवलं नाही, अशा त्या एकट्याच होत्या.

नलिनीकाकू परब मूळच्या कुडाळकडच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली. नवरा लवकर गेला, मेघा आणि निनाद ही दोन मुलं बोरिवली पूर्वेच्या दोन खोल्यांत वाढवली. निनाद चोविसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर काकू एका संस्थेच्या स्वयंसेवक झाल्या आणि बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, दान करू शकणाऱ्यांची नावनोंदणी करू लागल्या. ऑफिसं, कॉलेजं, सोसायट्यांचे हॉल... जिथे टेबल मांडू देतील तिथे. मला त्या भेटल्या त्या अशाच एका टेबलामागे, माझ्या तेव्हाच्या ऑफिसच्या कँटीनबाहेर.

मी तेव्हा मुंबईत नवा होतो. जिंतूरला शाळा, परभणीला बी.कॉम., आमच्या घरातला पहिला पदवीधर. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची, अजूनही शिजवते. तिच्या त्या कामावर मी शिकलो, म्हणून कुठेही कुणासाठी काही करायची संधी आली की मला वाटायचं, आपलं देणं फेडायची हीच वेळ. त्या दिवशी कँटीनबाहेर रांग लागली होती. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नाव-पत्ता लिहायचा, झालं. माझ्यापुढचा एकजण छाती काढून म्हणाला, “मी ओ पॉझिटिव्ह आहे काकू, कुणालाही चालतो.” काकू म्हणाल्या, “रक्तगटाचा इथे काही संबंध नाही रे राजा. तू कुणालाही चालत नाहीस. जगात एखाद्याला चाललास तर चाललास, नाहीतर जन्मभर कुणी फोनसुद्धा करणार नाही. चालेल?” तो हसला. रांगही हसली.

माझी पाळी आली तेव्हा मला दिसलं की टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. एक कँटीनची प्लॅस्टिकची. दुसरी लोखंडी, घडीची, निळा रंग उडालेली. मी जवळची म्हणून त्या निळ्या खुर्चीवर बसलो.

“ती नाही. ती घरच्यांची,” काकू म्हणाल्या. “घरचं कोण आहे तुझं?”

“आई. गावी असते.”

“मग आई येईल तेव्हा ये.”

मी म्हटलं, मी सज्ञान आहे, मला माझा निर्णय घेता येतो. त्या म्हणाल्या, “निर्णय तुझाच आहे. पण ज्या दिवशी फोन येईल ना, त्या दिवशी तुला अडवणारं माणूस कोण असेल? ते माणूस मला आज इथे बसलेलं पाहिजे. कायद्यात नाही हे. संस्थेतही नाही. माझ्या टेबलावर आहे.” ज्यांचं घर मुंबईत होतं त्यांनाही त्यांनी तसंच परत पाठवलं. दुपारभराच्या रांगेतून फारच थोड्यांची नोंदणी झाली असावी. संस्थेचा सोबत आलेला माणूस कपाळाला हात लावून बसला होता. मला राग आला होता. गावाकडून आलोय म्हणून ही बाई मला आईचं बोट धरून यायला सांगते, असं वाटलं.

माझी आई दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येते. वस्तीतल्या बायकांबरोबर, पिशवीत भाकरी आणि लसणाची चटणी बांधून. त्या वर्षी दर्शन झाल्यावर मी तिला बोरिवलीला काकूंच्या घरी घेऊन गेलो. मनात हेच होतं की आईला पाच मिनिटं बसवावं, हो म्हणायला लावावं आणि काकूंचं तोंड बंद करावं. काकूंनी दार उघडलं. आई म्हणाली, “जय भीम, बाई.” काकूंनी हात जोडून “जय भीम” म्हटलं आणि आत जाऊन ती निळी खुर्ची आणून उघडली.

आईने पहिलाच प्रश्न टाकला. “लेकराचं हाड पोखरायलेत व्हय तुमी?”

“पोखरत नाहीत,” काकू म्हणाल्या. “आणि पाठीच्या कण्याला तर हातही लावत नाहीत. हे आधी डोक्यातून काढून टाका, सगळ्यांना तीच भीती असते.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर त्यांच्या तोंडून आणि पुढे माझ्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की पाठ झालं आहे. बहुतेकदा रक्तातूनच घेतात. आधी काही दिवस रोज इंजेक्शन देतात, त्याने हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवतात, हव्या तेवढ्या पेशी बाजूला काढतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. त्यात काही तास जातात. कधी कधी डॉक्टरांना हाडातलीच मज्जा हवी असते, तेव्हा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने घेतात. घेतलेलं शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. पैसे द्यावे लागत नाहीत, मिळतही नाहीत. आणि कुणाला दिलं ते सांगत नाहीत.

“दुखतं का?” आईने विचारलं.

“दुखतं. इंजेक्शनांनी अंग मोडून येतं, तापासारखं. कंबर ठणकते. डोकं दुखतं. थोड्या दिवसांत जातं. धोका अगदी थोडा, पण शून्य म्हणणार नाही. भूल द्यायची तर भुलीचा जो काही असतो तोही आलाच. मी स्वतः दिलंय, म्हणून सांगते.”

“कुणाला?”

काकू म्हणाल्या, “मुलाला.”

निनादची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मेघाची मज्जा त्याच्याशी जुळली नव्हती. सख्ख्या भावंडांतही चारातल्या एकाचीच पूर्ण जुळते. मग नोंदणीतून एक परका तरुण सापडला, पूर्ण जुळणारा. तारीख ठरली. आजाऱ्याला दुसऱ्याच्या पेशी देण्याआधी त्याची स्वतःची मज्जा जोरकस औषधांनी संपवून टाकतात, तरच नवी रुजते. निनादची ती औषधं सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत निरोप आला की दाता माघार घेतोय. त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. इंजेक्शनांसाठी रजा घेतली तेव्हा आईला कळलं, तिने जेवण टाकलं आणि त्याला स्वतःची शपथ घातली. डॉक्टरांनी धावपळ करून काकूंच्याच पेशी घेतल्या. आईच्या असतात तशा, अर्ध्या जुळणाऱ्या. त्या रुजल्या नाहीत.

“तुमाला राग नाही आला त्या बाईचा?” आईने विचारलं.

“कुणाचा? तिच्या पोराचं काहीतरी काढून घेणार एवढंच तिला कळलेलं. कुणी तिला बसवून सांगितलं होतं? तिने महिनाभर आधी शपथ घातली असती ना, तर माझं काही म्हणणं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरा कुणी शोधला असता, थांबले असते. ‘नाही’ कधीही म्हणता येतं, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. पण एका ठराविक दिवसानंतर म्हटलेल्या ‘नाही’ने माणूस मरतो. म्हणून म्हणते, जे काय नाही म्हणायचं ते माझ्या घरात म्हणा, चहा पिता पिता म्हणा.”

आईने चहाची बशी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, “मग माझं नाहीच हाय, बाई. मला एकच लेकरू हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचा चेहरा मात्र उजळला. खरंच उजळला. आत जाऊन त्यांनी आईसाठी खटखटे लाडू आणले, नारळ बांधून दिला आणि मला जिन्यात म्हणाल्या, “झिला, आईशी भांडू नको. आज तिने एकाचा जीव वाचवला.”

त्यानंतर मी काकूंकडे जायला लागलो, का ते सांगता येणार नाही. रविवारी जायचो. मला फोनवर बोलायची भीती वाटायची. ऑफिसात ग्राहकाचा फोन आला की माझी जीभ अडखळायची, माझं मराठी ऐकून समोरचा हिंदीत शिरायचा. काकूंनी मला टेबलाशी बसवून शिकवलं. “आधी नाव सांग. मग काम सांग. मग गप्प बस. गप्प बसायला येतं त्यालाच फोनवर बोलायला येतं.” सरावासाठी त्यांनी मला त्यांचेच फोन लावायला दिले. दरवर्षी दिवाळी संपली की त्यांच्या टेबलावरून नोंदणी केलेल्या प्रत्येकाला त्या फोन करायच्या. नंबर बदलला का? गाव बदललं का? तब्येत कशी? लग्न झालं का? कारण माणसं नोंदणी करून विसरून जातात, सिम बदलतात, आणि ज्या दिवशी कुणाशी तरी जुळतं त्या दिवशी तो नंबर बंद लागतो. आज माझ्या नोकरीत माझं निम्मं काम फोनवर आहे. साहेब म्हणतात, तू बोलतोस छान. मी सांगत नाही की मला कुणी शिकवलं.

पुढच्या सहा डिसेंबरला आईनेच विचारलं, “ती बाई हाय का घरी?” खुर्चीवर बसल्या बसल्या तिने जाहीर केलं, “घ्या बाई, काय त्या काडीवर घ्यायचं ते.” काकूंनी विचारलं, “वर्षात काय बदललं?” आई म्हणाली, “तुमी दुखंल म्हणलात. डाक्टर लोक सुई टोचायच्या आधी काहीच होत नाही म्हणतेत. तुमी खरं बोललात, मग बाकीचंबी खरंच आसंल. वरीसभर ह्याच इचारात होते. आन् तुमी म्हणलात ना, आमच्याकडल्या माणसाचं आमच्याकडल्याशीच जुळायची आशा जास्ती. मग आमच्यातलं कुणी आजारी पडलं तर कुणी द्यावं?” ते काकूंनी निघताना दारात सांगितलं होतं. मी विसरलो होतो. आईने ते जिंतूरपर्यंत नेलं आणि परत आणलं.

माझं लग्न झालं, आम्ही दहिसरला भाड्याने राहायला लागलो. दिवाळीनंतरच्या फोनवर काकू म्हणाल्या, “लग्न झालं म्हणजे खुर्ची बदलली. बायकोला घेऊन ये.” प्रणाली आली, बसली, अर्धा तास उलटतपासणी घेतली आणि शेवटी म्हणाली, “काकू, याला साधं इंजेक्शन घेताना बघितलंय का तुम्ही? डोळे मिटून आईचं नाव घेतो.” काकू म्हणाल्या, “घेऊ दे. तुझं घेत नाही ना, तोवर सुखी राहा.”

आणि मग एके दिवशी खरंच फोन आला. प्राथमिक जुळणी दिसते आहे, पुढच्या तपासण्यांना याल का? गेलो. रक्त दिलं, सगळ्या तपासण्या झाल्या. पूर्ण जुळत होतं. पेशंट कोण, कुठला, बाई की पुरुष, काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. समन्वयक बाईंनी एक तारीख सांगितली. त्या दिवसापासून पेशंटची औषधं सुरू होणार होती. काकू म्हणायच्या तोच हा दिवस.

त्याच्या आदल्या दुपारी काकू रिक्षाने दहिसरला आल्या. बरोबर ती निळी खुर्ची. सोसायटीच्या वॉचमनने ती वर आणून दिली. प्रणाली हसायला लागली, “काकू, आमच्याकडे खुर्च्या आहेत हो.” काकू हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची उघडून मध्ये ठेवली, प्रणालीला तिच्यावर बसवलं आणि स्वतः सोफ्याच्या कडेला टेकल्या.

“आज शेवटचा दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून त्या माणसाकडे स्वतःचं काही उरणार नाही. तुम्हा दोघांच्या मनात काही असेल तर आज बोला. मी चिडणार नाही. बोलणं टाकणार नाही. संस्थेला मी कळवीन, तुला फोनसुद्धा करावा लागणार नाही.”

मला वाटलं होतं त्या धीर द्यायला आल्यात. त्या ‘नाही’ न्यायला आल्या होत्या, असलं तर. प्रणाली तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती. काकूंचे हात मांडीवर होते आणि अंगठा बोटांवरून सारखा फिरत होता, जप केल्यासारखा. त्यांना प्रणालीकडून काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं, आणि त्या ते चेहऱ्यावर येऊ देत नव्हत्या, हेही कळत होतं... शेवटी प्रणाली म्हणाली, “मला भीती वाटते. पण माझं ‘नाही’ नाहीये.” काकू म्हणाल्या, “परत एकदा सांग.” तिने परत सांगितलं. मग काकूंनी पाणी मागितलं.

जिंतूरला फोन लावून त्यांनी आईलाही विचारलं. आई म्हणाली, “एकदा हाव म्हणले की बाई. किती डाव इचारता?”

इंजेक्शनांनी अंग दुखलं, त्यांनी सांगितलं होतं तसंच. पेशी काढायच्या दिवशी दोन्ही हात अडकलेले, ओठांना मुंग्या येत होत्या, नर्सने कॅल्शियम दिलं. प्रणाली मला चमच्याने उपमा भरवत होती आणि समोरच्या टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती. पिशवीत जमलं ते मला टोमॅटोच्या पातळ सारासारखं दिसलं. कुणीतरी ती पिशवी डब्यात ठेवून घेऊन गेलं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसला होतो. पेशंटचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. काकूंना एकदा म्हटलं, विचारू का? त्या म्हणाल्या, “तुझं काम झालं. रुजणं तुझ्या हातात नाही. कुणाच्याच नाही.” त्या एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

काकू गेल्या त्या दिवशी बोरिवलीच्या घरी मी खूप माणसं पाहिली. त्यातली बरीचशी एकमेकांना ओळखत नव्हती. एकजण मला म्हणाला, “मला त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं.” त्याने ते अभिमानाने सांगितलं. मी सगळी कामं केली. गाडी सांगितली, हार आणले, स्मशानात मेघाजवळ उभा राहिलो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. प्रणाली म्हणते येईल. काकूंचे त्या वर्षीचे फोन अर्धेच झाले होते, उरलेले मी आणि मेघाने वाटून घेतले. नाव सांगायचं, काम सांगायचं, गप्प बसायचं. काहीजण विचारत, “काकू नाही बोलत आज?” तेव्हा सांगावं लागे. त्यांचा आवाज बदलायचा आणि मी ऐकत राहायचो, माझ्या कानाला भुलीचं इंजेक्शन दिल्यासारखं. ते झाल्यावर विचारायचो, “नंबर तोच आहे ना?”

मेघाने ती निळी खुर्ची मला दिली. तेव्हा कळलं की काकूंनी ती निनादच्या वेळी हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून घेतली होती. त्याच्या खाटेजवळ घरच्यांना बसायला काही नव्हतं म्हणून.

दहिसरच्या आमच्या बुद्धविहारातलं नोंदणीचं टेबल काकूंनीच दिवाळीआधी ठरवलं होतं. डिसेंबरमधला दुसरा रविवार. आई सहा तारखेला आलेली, ती थांबली. मी टेबल लावलं, प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, शेजारी निळी उघडली. आई सवयीने जाऊन तिच्यावर बसली. थोडी माणसं येऊन गेली. मग एक मुलगी आली, बोरिवलीच्या कपड्यांच्या दुकानात काम करणारी, एकटीच. सगळं मोबाइलवर वाचून आली होती, मला फार सांगावंही लागलं नाही. तिने काडी मागितली. त्या सकाळी जेमतेम चार नावं झाली होती आणि संस्थेचा माणूस माझ्याकडे बघत होता.

“घरचं कोण आहे?” मी विचारलं.

“पप्पा. पण ते येणार नाहीत. आले तरी नाहीच म्हणतील, मला माहितीय ना.”

मी काही बोलायच्या आत आई उठली. पदराने खुर्चीची बैठक पुसली. “मग नाही म्हणायला घेऊन ये माय त्यानला,” ती म्हणाली. “म्याबी पयल्या साली नाहीच म्हणले होते. हितंच बसून म्हणले. त्या बाईनं लाडू दिले मला.”

मुलगी माझा नंबर घेऊन गेली. आई परत त्या खुर्चीवर बसली नाही, दिवसभर भिंतीला टेकून सतरंजीवर बसून राहिली. संध्याकाळी आम्ही खुर्ची घरी आणली. ती आमच्या दाराजवळ उघडीच आहे, येता-जाता पायात येते. पोर कडेवर घेऊन प्रणालीने दोनदा विचारलं, घडी करून आत ठेवू का. मी म्हटलं, राहू दे.

काल त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, “सर, पप्पा रविवारी यायला तयार झालेत. पण आधीच सांगते, ते नाही म्हणायलाच येतायत.”

“या,” मी म्हणालो. “खुर्ची आहे.”